उरीयाला कुणी विचारलं?

बाई, सलाम. मी ४१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माहेर नगर जिल्ह्यातलं. पप्पा शाळेत शिक्षक, आई दवाखान्यात नर्स. पप्पा प्यायचे आणि आईला मारायचे. आईचं मंगळसूत्र दोनदा गहाण पडलं, तिसऱ्यांदा सोनाराकडे मोडलंच. तिच्या फंडाचे पैसेही असेच गेले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. ती गेल्यावर दोन वर्षांनी एका प्रार्थनासभेत पप्पांचं परिवर्तन झालं. तेव्हापासून चार वर्षं त्यांनी दारूला हात लावलेला नाही, हे खरं आहे. आता ते गावोगाव साक्ष देतात. ‘मी दावीद होतो, देवाने मला उचललं,’ म्हणतात आणि लोक रडतात. आईचा उल्लेख ‘माझी प्रार्थनाशील पत्नी’ एवढाच असतो. जानेवारीत त्यांना मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे एल्डर, नेमणार आहेत. त्यांचं वय ७१, एकटे असतात, म्हणून माझ्याकडे राहायला यायचं म्हणतात. मी नाही म्हटलं. आत्या म्हणते, देवाने क्षमा केली, तू कोण मोठी लागून गेलीस? पाळकसाहेब म्हणतात, उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखी वागू नकोस. बाई, देवाला अशीच माणसं का आवडतात? आणि मी क्षमा केली नाही तर पाप मला लागतं का?
— एक वाचक, पुणे

सलाम, मुली.

तुझं पत्र आठ दिवस माझ्या चष्म्याच्या डबीखाली होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी तयार होतं, म्हणून ते आधी देते. वडिलांना घरात राहायला घेतलं नाहीस म्हणून तुला कसलंही पाप लागत नाही. क्षमा ही गोष्ट वेगळी आणि खोलीत पलंग टाकून देणं वेगळं. आपल्याकडे ही दोन्ही एकाच पिशवीत कोंबून बायकांच्या हातात देतात. त्यावर पुढे बोलूच.

तुझा पहिला प्रश्न मात्र मला झोपू देईना. त्याचं कारण माझ्यापाशीच आहे.

मी बत्तीस वर्षं संडे स्कूल घेतलं. आमच्याकडे फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची चित्रं होती. गोफण घेतलेला दावीद, ओढ्यातले पाच गोटे, आडवा पडलेला गल्याथ, वीणा वाजवणारा दावीद, मुकुट घातलेला दावीद. उरीयाचं चित्र त्या खोक्यात नव्हतंच. मुलं लहान, त्यांना शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय कसा सांगणार, हे ठीक. पण मोठ्यांच्या उपदेशातही मी हेच ऐकत आले. तिथे अकरावा अध्याय येतो, पण स्तोत्र ५१ कडे, म्हणजे दाविदाच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेकडे, जायची इतकी घाई असते की उरीया अर्ध्या वाक्यात मरतो. ‘दाविदाच्या हातून बथशेबेच्या बाबतीत पाप घडलं, पण त्याने पश्चात्ताप केला.’ घडलं म्हणे. दूध उतू जातं, तसं?

तो अध्याय आपण दोघी सावकाश वाचू. वसंत ऋतू, राजे लढाईवर जायचे दिवस. दाविदाचं सैन्य रब्बा शहराला वेढा घालून बसलंय आणि दावीद यरुशलेमेत, राजवाड्याच्या गच्चीवर. तिथून त्याला बथशेबा दिसते. ती कोण आहे हे तो विचारतो, उरीया हित्तीची बायको असं उत्तर मिळतं, आणि तरीही तो माणसं पाठवून तिला आणवतो. तिला दिवस जातात. मग उरीयाला आघाडीवरून बोलावणं जातं, की तो एक रात्र घरी झोपावा आणि सगळं झाकलं जावं. पण उरीया घरी जात नाही. देवाचा कोश आणि सगळं सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, बायकोपाशी निजू कसा, असं म्हणतो आणि राजवाड्याच्या दाराशी नोकरांमध्ये झोपतो. दुसऱ्या दिवशी दावीद त्याला जेवायला बसवून दारू पाजतो. तरी तो घरी जात नाही. झिंगलेला उरीया शुद्धीतल्या दाविदापेक्षा सरळ निघाला.

मग दावीद आपल्या सेनापतीला, यवाबाला, चिठ्ठी लिहितो. लढाई जिथे तुंबळ असेल तिथे याला पुढे ठेवा आणि मागे सरा. ती चिठ्ठी नेली कुणी? उरीयानेच. आपल्या मरणाचा हुकूम त्याने स्वतःच्या हाताने पोचवला. तो मेल्याची बातमी आल्यावर दावीद यवाबाला निरोप धाडतो, की मनाला लावून घेऊ नकोस, तलवार काय, आज याला खाते, उद्या त्याला. हे वाक्य तुझ्या ओळखीचं वाटेल. दारू काय, माणसाकडून काहीही करवते, हे तू लहानपणापासून ऐकलं असशील.

एवढं सगळं कोणत्याही राजाने आपल्या दरबारी बखरीत लिहू दिलं असतं का? त्या काळच्या राजांचे शिलालेख म्हणजे नुसते विजय आणि लूट. इथे मात्र देवाला आवडलेल्या राजाची चहाडी देवाच्याच ग्रंथात आहे. ‘देवाला अशीच माणसं का आवडतात’ असं तू विचारतेस. मी इतकंच म्हणेन की आवडली तरी देवाने त्यांचं झाकलं नाही. झाकलं ते आपण. खोक्यात चित्र न ठेवून.

आता कृपेचं बघू. ती आली ती आधी आरोप घेऊन आली. नाथान संदेष्टा राजापुढे उभा राहून गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. दावीद भडकतो, त्या माणसाने मेंढीची चौपट भरपाई केलीच पाहिजे म्हणतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. पुढच्याच दमात तो उरीयाचं नाव घेतो. उरीया हित्तीला तू तलवारीने मारलंस, त्याची बायको घेतलीस. ‘तुझ्याकडून चूक झाली’ असलं मोघम काही नाही. दावीद कबूल करतो आणि त्याला सांगितलं जातं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. त्याआधीच त्याला हेही ऐकवलेलं असतं, की तुझ्या घरातून तलवार जाणार नाही. क्षमा मिळाली तरी ते शब्द मागे घेतले गेले नाहीत. (त्यानंतर त्या तान्ह्या बाळाचं मरण येतं. तो भाग मला आजवर पचलेला नाही आणि पचल्याचं नाटक मी तुझ्यापुढे करणार नाही.)

स्तोत्र ५१ मधली एक ओळ तुला नक्की टोचत असणार. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ मग उरीयाचं काय? बथशेबेचं काय? टीकाकार याची उत्तरं देतात, की प्रत्येक पाप शेवटी देवाचाच अपराध असतो वगैरे. त्यात तथ्य आहे. पण ही ओळ दाविदाच्या तोंडी आहे आणि ती गुडघ्यावर, देवाशी एकांतात बोलताना म्हणायची आहे. तीच ओळ माइकवरून, ज्यांना मारलं त्यांच्या मुलीसमोर म्हटली की तिचा अर्थ बदलतो. तेव्हा ती ‘माझा हिशेब वर मिटला, तुमचं तुम्ही बघा’ अशी ऐकू येते.

माझ्या शेजारच्या कुलकर्णी वहिनींना तुझं नाव-गाव न सांगता मी हे थोडंसं बोलले. त्या पटकन म्हणाल्या, म्हणजे वाल्याचा वाल्मीकी झाला की! मी हो म्हटलं. मग भांडी घासता घासता मनात आलं, वाल्याच्या गोष्टीत निदान रांजण तरी आहेत. एक माणूस मारला की एक खडा, असे सात रांजण भरलेले. त्याचं पुढे कितीही भलं झालं तरी गोष्ट सांगणारा ते रांजण गाळत नाही.

पवित्र शास्त्राचेही रांजण आहेत, मुली. दाविदाच्या शूर वीरांची यादी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तेविसाव्या अध्यायात आहे. सदतीस जणांच्या त्या यादीतलं अगदी शेवटचं नाव उरीया हित्ती. पुढे राजांच्या पहिल्या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात, दावीद आयुष्यभर परमेश्वराच्या दृष्टीने नीट वागला असं प्रशस्तिपत्र येतं आणि त्याच वाक्याला शेपूट आहे, उरीया हित्तीचं प्रकरण सोडून. तिसरी जागा सगळ्यांत धीट. नव्या कराराचं पहिलं पान, प्रभू येशूची वंशावळ. नाताळच्या दिवसांत आपण ती भराभर वाचून मोकळे होतो. तिथे मत्तय शलमोनाच्या आईला बथशेबा म्हणत नाही. तो म्हणतो, जी उरीयाची पत्नी होती तिच्यापासून दाविदाला शलमोन झाला. दाविदाला क्षमा होऊन शतकं लोटली होती, बथशेबा राजमाता होऊन शलमोनाच्या उजव्या हाताला आसनावर बसून गेली होती, तरी मत्तयाच्या लेखी ती उरीयाची बायकोच. तारणाऱ्याच्या घराण्याच्या कागदावर त्या मेलेल्या माणसाचं नाव ठेवलं गेलं. कृपेने दाविदाला त्या कागदावर राहू दिलं, पण उरीयाला खोडून नव्हे.

तुझे पप्पा म्हणतात ‘मी दावीद होतो’. ठीक आहे. मग साक्षीत उरीया कुठे आहे?

अजून एक जण आहे, तिच्याबद्दल कुणीच उपदेश करत नाही. तामार, दाविदाची मुलगी. तेराव्या अध्यायात, म्हणजे बापाला क्षमा मिळाल्यानंतरच्या लगेचच्या पानांवर, तिचा सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. दाविदाला कळतं तेव्हा त्याला फार राग येतो. बस, एवढंच. राग येतो आणि तो काही करत नाही. तामार भावाच्या, अबशालोमाच्या घरात उदास होऊन राहते आणि शास्त्र तिच्याविषयी पुढे बोलायचं थांबतं. देवाने माफ केलेला माणूस बाप म्हणून त्याच आठवड्यात सुधारतो असं नाही, हे मला या पानाने शिकवलं. तू ज्या खुर्चीत बसून हे पत्र लिहिलंस, ती खुर्ची तामारची आहे. तिथून दाविदाची साक्ष वेगळी ऐकू येणारच.

आता दुसरी बाजू. ती न सांगता मी थांबले तर तुझ्याशी लबाडी होईल.

तुझ्या पप्पांवरची कृपा खोटी आहे असं मला वाटत नाही. चार वर्षं न पिणं म्हणजे काय हे ज्या घरात दारू होती त्यालाच कळतं. माझ्या सख्ख्या मावसभावाला चार महिने जमलं नाही. पप्पांचा प्रत्येक कोरडा दिवस खरा मान. ‘ढोंग करतात’ असं तू लिहिलेलं नाहीस, ते मला फार आवडलं. पण ते खरे बदलले असले तर आपला राग चुकीचा ठरेल, अशी भीती तुझ्या ओळींमधून डोकावते. तसं होत नाही.

मनश्शे राजाचं बघ. बाराव्या वर्षी गादीवर आला, ५५ वर्षं राज्य केलं. स्वतःच्या मुलाचा होम केला, निरपराध माणसांचं रक्त इतकं सांडलं की यरुशलेम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून गेलं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेहतिसाव्या अध्यायात, अश्शूरचे सरदार त्याला आकडे अडकवून, बेड्या घालून बाबेलला नेतात. तिथे तो फार नम्र होऊन प्रार्थना करतो आणि देव ती ऐकतो. त्याला परत आणतो. त्यानंतर तो मूर्ती काढतो, वेदी दुरुस्त करतो. याहून मोठी कृपा जुन्या करारात मला तरी माहीत नाही.

पण हाच मनश्शे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात आहे आणि तिथे त्याच्या पश्चात्तापाचा एक शब्द नाही. उलट पुढे चोविसाव्या अध्यायात म्हटलंय की त्याने सांडलेल्या निर्दोष रक्ताची क्षमा करायला परमेश्वर राजी नव्हता. पंडित लोक या दोन्हींचा मेळ घालतात, घालोत. मी म्हातारी बाई. मला एवढं दिसतं की एका लेखकाने अश्रू लक्षात ठेवले, दुसऱ्याने रक्त, आणि शास्त्र गोळा करणाऱ्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. एक फाडून टाकलं नाही. मंडळी आज तुझ्या पप्पांचा ‘इतिहास’ वाचते आहे. तू ‘राजे’ वाचतेस. तुझं पुस्तक बंद कर असं म्हणायचा हक्क आत्याला नाही आणि पाळकसाहेबांनाही नाही.

राहायला येण्याविषयी. याकोबाने भावाचा, एसावाचा, आशीर्वाद फसवून घेतला आणि पळाला. वीस वर्षांनी परतला तेव्हा आधी जनावरांचे कळप पुढे पाठवले. शेरड्या, मेंढ्या, सांडणी, गाई, गाढवं, पिल्लं न धरता साडेपाचशे. मग स्वतः लंगडत पुढे झाला, सात वेळा भुईपर्यंत नमला. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघंही रडले. इथे आपण पुस्तक मिटतो आणि म्हणतो, समेट झाला. तू उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय पुढे वाच. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, पोरं लहान आहेत, जनावरं दूध पाजणारी आहेत, तुम्ही पुढे व्हा. एसाव सेईरला जातो, याकोब सुक्कोथला. पुन्हा एकत्र दिसतात ते थेट बापाला मूठमाती देताना. गळाभेट खरी होती आणि घरं वेगळी राहिली. देवाने कुणालाच त्यावरून बोल लावलेला नाही.

आणि चालून कोण गेलं? ज्याने फसवलं तो. डोंगरावरच्या प्रवचनातही प्रभू हेच म्हणतो. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे ज्याने दुखावलं त्याला सांगितलंय. जक्कयानेही ‘मी जकातदार होतो, प्रभूने मला उचललं’ अशी साक्ष देत हिंडण्याआधी सरळ आकडा सांगितला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. त्यावर प्रभू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे.

थोरल्या भावाचं तर पाळकसाहेबांनी अर्धवटच सांगितलं. उधळा धाकटा घरी परतला म्हणून बापाने जेवणावळ घातली आणि थोरला रागाने आत जाईना. बाप त्याला रागावत नाही. बाप जेवणावळ सोडून अंगणात त्याच्याकडे येतो, त्याची समजूत काढतो, बाळा म्हणतो. थोरला आत गेला की नाही हे प्रभूने सांगितलंच नाही. शिवाय एक फरक आहे. त्या धाकट्याने पैसे उधळले होते. आईला मारलं नव्हतं.

आता काय करायचं ते.

त्यांना घरी आणू नकोस. पेन्शन आहे, गावात माणसं आहेत. आजारी पडले तर दवाखाना, औषध, सोबतीला बाई, हे तू बघशील याची मला खात्री आहे आणि बघावंस असं माझंही मत आहे. पण तुझ्या स्वयंपाकघरात त्यांची पावलं वाजली की तुझे खांदे आक्रसणार असतील, तर ते घर दोघांसाठीही तुरुंग होईल.

पाळकसाहेबांना भेट, फोन नको. पौलाने तीमथ्याला विचारलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेव, ज्याला आपल्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील? मंडळीचे वडील होण्याआधी ते तुझे वडील आहेत. नेमणूक रोखायला जाऊ नकोस, पण ‘तुम्ही घरच्यांना विचारलंत का?’ एवढं विचारूनच ये. शिष्यांचा छळ करणाऱ्या शौलाचा पौल झाला तेव्हाही यरुशलेमेतले शिष्य त्याला भीतच होते, त्यांचा विश्वास बसेना. बर्णबा त्याला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेला. भिणाऱ्यांना कुणी अविश्वासू म्हटल्याचं मला तरी वाचल्याचं आठवत नाही.

आणि पप्पांना पत्र लिही. रागाचं नको, यादीचं. मंगळसूत्र कोणत्या साली गेलं, फंड किती होता, कोणत्या रात्री आईला शेजारच्या घरात झोपावं लागलं. खाली एवढंच लिही, की पुढच्या साक्षीत हे म्हणा, किंवा साक्ष थांबवा. ते चिडतील, रडतील, किंवा आत्याला फोन लावतील. कदाचित नाथानापुढे दावीद जसा एका वाक्यात कोसळला, तसे कोसळतील. ते तुझ्या हातात नाही. क्षमा तुला त्या दिवशी जमेल, दहा वर्षांनी जमेल, थोडीथोडी जमेल. प्रार्थनेत ‘मला अजून जमत नाही’ म्हणालीस तरी चालतं, स्तोत्रांत यापेक्षा कडू शब्द आहेत.

तुझं पत्र मी पुन्हा उघडून पाहिलं. दोन पानांत ‘आई’ पाच वेळा आहे आणि तिचं नाव एकदाही नाही. पप्पांना लिहिशील तेव्हा पहिल्या ओळीत ते लिही, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. आणि पाकिटावर पत्ता त्यांचाच घाल, पाळकसाहेबांच्या हाती देऊ नकोस.

तुझी,
बाई